दोन टक्क्यांचे तीनशे साठ रुपये

२०२५ च्या गौरी-गणपतीत राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत आरती आटोपून पडवीत बसलेल्या मंडळींमध्ये निवृत्तिवेतनाचा विषय निघाला. राज्य सरकारने निवृत्तिवेतनधारकांच्या महागाई वाढीचा दर ५३ टक्क्यांवरून ५५ टक्के केला होता, जानेवारीपासूनची थकबाकी ऑगस्टच्या निवृत्तिवेतनाबरोबर मिळणार होती, आणि ‘दोन टक्के वाढ’ या बातमीचा प्रत्येकाने आपापल्या परीने अर्थ लावला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना ती वाढ हिशेबापेक्षा कमी वाटत होती. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेल्या काकांना ती आपल्यालाही लागू असेल, अशी अंधूक आशा होती. श्रावणबाळ योजनेचे पैसे घेणाऱ्या आजींनी तर सरळच विचारले, “आमच्या दीड हजाराचे आता किती होतील रे बाबा?” माझी सगळी नोकरी लेखा विभागात गेली असल्यामुळे तिन्ही पासबुके माझ्यापुढे आली, आणि त्या रात्री जे तुटकपणे सांगितले, तेच येथे सविस्तर मांडतो आहे.

गुरुजींचे प्रकरण आधी घेऊ, कारण सगळी गुंतागुंत त्यांच्या पासबुकात आहे.

निवृत्त होताना त्यांचे मूळ निवृत्तिवेतन दरमहा १८,००० रुपये ठरले. ही मूळ रक्कम वेतन आयोग बदलेपर्यंत हलत नाही. भाव वाढतात तसा तिच्यावर एक वेगळा थर चढत जातो. नोकरीत असलेल्यांना मिळतो त्याला महागाई भत्ता म्हणतात, आणि निवृत्तांना मिळतो त्याला राज्याच्या शासन निर्णयांत महागाई वाढ म्हणतात. बोलताना आपण दोन्हींना ‘डीए’च म्हणतो. दर ५३ टक्के होता तेव्हा गुरुजींचा हा थर ९,५४० रुपयांचा होता. तो ५५ टक्के झाला तेव्हा ९,९०० रुपयांचा झाला. फरक दरमहा ३६० रुपयांचा, आणि जानेवारी ते जुलै या सात महिन्यांची थकबाकी २,५२० रुपये.

गुरुजींचे म्हणणे असे होते की, मूळ रक्कम आणि महागाई वाढ मिळून त्यांचे निवृत्तिवेतन आधी २७,५४० रुपये होते, त्याचे दोन टक्के साधारण ५५० रुपये होतात, मग ३६०च कसे मिळाले? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो न विचारताच कुरकुर करणारे पुष्कळ आहेत. जाहीर होणारे टक्के हे मूळ निवृत्तिवेतनाचे असतात, हातात येणाऱ्या एकूण रकमेचे नसतात. १८,००० चे दोन टक्के म्हणजे ३६० रुपये, आणि २७,५४० च्या तुलनेत पाहिले तर ही वाढ जेमतेम १.३ टक्के भरते.

यावर पडवीतून लगेच ‘म्हणजे फसवणूकच’ असा सूर निघाला. माझ्या मते ती फसवणूक नाही, आणि हे नीट समजले तर पुढचे अर्धे गैरसमज आपोआप गळून पडतात. ५३ आणि ५५ हे आकडे सातवा वेतन आयोग लागू झाला त्या काळातल्या भावांवर मोजलेले असतात. तेव्हा जी वस्तू १०० रुपयांना मिळत होती ती एका टप्प्याला १५३ रुपयांची झाली आणि सहा महिन्यांनी १५५ रुपयांची झाली, असे हे आकडे सांगतात. १५३ वरून १५५ होणे म्हणजे भाव १.३ टक्क्यांनी चढणे, आणि गुरुजींची एकूण रक्कमही तेवढीच, १.३ टक्क्यांनीच चढली. जुन्या भावांचे दोन टक्के म्हणजेच आजच्या भावांचे सव्वाच्या आसपास टक्के. मथळ्यातला आकडा मोठा दिसतो, कारण त्याची पट्टी जुनी आहे.

गुरुजींच्या हातात मात्र तेव्हा २७,९०० रुपये येत नव्हते, २०,७०० रुपये येत होते. निवृत्तीच्या वेळी त्यांनी निवृत्तिवेतनाचा ४० टक्के भाग विकून एकरकमी पैसे घेतले आणि त्यातून घराची कौले काढून पत्रा घातला. सरकारी भाषेत याला अंशराशीकरण म्हणतात, लोक ‘पेन्शन विकली’ म्हणतात. १८,००० पैकी ७,२०० रुपये असे विकले गेले, उरले १०,८००. तरीही महागाई वाढ मोजली जाते ती विकण्यापूर्वीच्या पूर्ण १८,००० रुपयांवर, उरलेल्या रकमेवर नाही. म्हणून १०,८०० अधिक ९,९०० मिळून २०,७०० होतात. पासबुकातला आकडा घेऊन बसलेल्या माणसाला ९,९०० हे १०,८०० चे ५५ टक्के कसे, हे काही केल्या जुळत नाही. ते जुळायचेच नसते. विकलेला भाग पंधरा वर्षांनी पूर्ववत सुरू होतो, आणि तो वेळेवर सुरू झाला की नाही, हे पाहण्याची जबाबदारी प्रत्यक्षात निवृत्तावरच येऊन पडते. पोस्टातून निवृत्त झालेल्या माझ्या एका नातेवाइकांची पंधरा वर्षे पूर्ण झाल्यानंतरही त्यांच्या बँकेच्या शाखेने पाच महिने जुनीच रक्कम जमा केली होती. लेखी अर्ज दिल्यावर फरक मिळाला, पण अर्ज दिला नसता तर सहावा महिनाही तसाच गेला असता.

हा ५५ चा आकडा येतो कोठून, हे सांगण्यासाठी मात्र राजापुरातून थेट शिमल्याला जावे लागते. तेथील लेबर ब्युरो ही केंद्र सरकारची संस्था दर महिन्याला औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध करते. देशातल्या ८८ औद्योगिक केंद्रांतील ३१७ बाजारांतून भाव गोळा केले जातात. कामगार कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चाची एक काल्पनिक टोपली भरली जाते आणि त्या टोपलीची किंमत २०१६ मध्ये १०० होती असे धरून आज ती किती झाली, हे निर्देशांक सांगतो. केंद्र सरकार वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलै या तारखांना, मागच्या बारा महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी काढते आणि त्यावरून दर ठरवते. महाराष्ट्र सरकार केंद्राचा दर पुढे स्वतंत्र शासन निर्णयाने स्वीकारते, आणि त्याला किती महिने लागतील हे तिजोरीवर आणि कधी कधी निवडणुकीच्या हवेवरही अवलंबून असते. २०२५ मध्ये जानेवारीच्या वाढीचा निर्णय ऑगस्टमध्ये निघाला.

कागद-पेन घेऊन हा हिशेब एकदा करून पाहण्यासारखा आहे. जुलै २०२४ ते जून २०२५ या बारा महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी सुमारे १४३.६ येते. वेतन आयोगाचे सूत्र २००१ पायाभूत वर्ष असलेल्या जुन्या मालिकेवर बेतलेले असल्यामुळे या सरासरीला आधी २.८८ ने गुणावे लागते. गुणाकार साधारण ४१३.५ येतो. त्यातून २६१.४२ वजा करायचे, कारण सातवा आयोग लागू होण्यापूर्वीच्या बारा महिन्यांची सरासरी तेवढी होती. उरलेल्या साधारण १५२ ला पुन्हा २६१.४२ ने भागून शंभराने गुणले की ५८ टक्के आणि वर थोडा अपूर्णांक येतो. अपूर्णांक सोडून द्यायचा असतो, आणि १ जुलै २०२५ पासून केंद्राचा दर ५८ टक्के झाला तो असा. सोडलेला अपूर्णांक कायमचा बुडतो, अशी समजूत आहे, पण ती खरी नाही. पुढच्या वेळी हिशेब पुन्हा २६१.४२ पासूनच सुरू होतो, त्यामुळे या वेळी गळलेला अंश पुढच्या दरात येऊन मिसळतो.

बारा महिन्यांची सरासरी घेण्याचा एक परिणाम मात्र घराघरात जाणवतो. एखाद्या महिन्यात भाव एकदम उसळले तर त्या महिन्याचे वजन सरासरीत बाराव्या हिश्शाएवढेच असते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बांगडा आणि सुरमई दिसेनासे होतात, जे मिळते ते दुप्पट भावाने मिळते. आगोटीची बेगमी करून ठेवलेली सुकट आणि सुके बोंबील नसतील त्या घराचा जुलैचा खर्च ताबडतोब वाढतो. निर्देशांकात अशी चढण सपाट होते, दर सहा महिन्यांनी बदलतो, आणि शासन निर्णय आणखी काही महिन्यांनी येतो. महागाई वाढ नेहमी मागून चालत येते. थकबाकी मिळाली तरी मधल्या महिन्यांत उधारीवर आणलेल्या किराण्याचे ओझे ती परत नेऊ शकत नाही.

आता टोपलीबद्दल. औद्योगिक कामगार म्हणजे कारखाने, खाणी, मळे, रेल्वे, सार्वजनिक मोटार वाहतूक, बंदरे आणि वीज या क्षेत्रांतले कामगार. त्यांचा खर्च मोजला जातो आणि त्यावरून सत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षकाची वाढ ठरते. महाराष्ट्रातली केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर यांसारखी शहरे आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्यात नाहीत. २०१६ च्या मालिकेत खाद्यपदार्थांचे वजन ३९.१७ टक्के आहे, आधीच्या मालिकेत ते ४६.२ टक्के होते. घराचे वजन १६.८७ टक्के आहे. औषधोपचार, शिक्षण, प्रवास आणि असेच इतर खर्च मिळून ३०.३१ टक्के होतात.

यातले काही म्हाताऱ्या माणसाच्या बाजूचे आहे, काही विरुद्ध. आमच्या वाडीत बहुतेक निवृत्त स्वतःच्या चिरेबंदी घरात राहतात, भाडे कोणी देत नाही, तरी टोपलीत भाडे आहे आणि ते वाढले की दरही वाढतो. मुलांच्या शाळेची फी त्यांना भरायची नसते, तीही टोपलीत आहे. उलट रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, तपासण्या, आणि तालुक्याला न भागल्यास रत्नागिरी किंवा कोल्हापूरपर्यंत केलेली भाड्याची गाडी, हा खर्च त्यांच्या महिन्यात टोपलीतल्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. २०२५ मध्ये नारळ आणि खोबरेल तेल यांचे भाव कसे भडकले, हे कोकणात कोणाला सांगायला नको. पण देशभरच्या सरासरी टोपलीत नारळ जेवढा मावतो तेवढाच मावतो, आणि आमच्याकडे तो रोजच्या वाटणात असतो. सरासरी या शब्दाचा अर्थच असा की, ती कोणाही एका घराशी तंतोतंत जुळत नाही.

गुरुजींची मुलगी अमेरिकेत असते. तिकडे निवृत्तांना अडीच टक्के वाढ मिळाली आणि आपल्याकडे दोनच, असा निरोप तिने पाठवला होता. त्यामुळे त्याचाही खुलासा करावा लागला. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी या सरकारी निवृत्तिवेतन योजनेच्या लाभांना १९७५ पासून दरवर्षी आपोआप महागाईची वाढ मिळते. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांच्या निर्देशांकांची सरासरी आधीच्या वर्षीच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहतात, ऑक्टोबरमध्ये टक्केवारी जाहीर होते आणि जानेवारीत वाढीव पैसे मिळतात. २०२५ साठी ती २.५ टक्के होती. पण तेथे टक्के चालू रकमेवर मोजतात, आपल्याकडे मूळ रकमेवर. शिवाय तिकडची वाढ वर्षाची आहे, आपल्याकडची सहा महिन्यांची. आपला दर १ जानेवारी २०२४ ला ५० टक्के होता आणि १ जानेवारी २०२५ ला ५५ टक्के झाला. १५० चे १५५ म्हणजे वर्षभरात ३.३ टक्के. तुलना करायची तर २.५ आणि ३.३ यांची करावी लागेल. निर्देशांकच वाढला नाही तर वाढही मिळत नाही, हे त्यांच्याकडे २०१०, २०११ आणि २०१६ या तीन वर्षी घडले. त्या वर्षांत वाढ शून्य होती. टोपलीचे भांडण तिकडेही आहेच. तेथे ज्येष्ठांच्या खर्चाचा वेगळा निर्देशांक काढतात, पण वाढ मात्र शहरी नोकरदारांच्या निर्देशांकावरूनच देतात.

आपल्याकडची वाढ आपोआप मिळत नाही, त्यासाठी दर वेळी सरकारचा निर्णय लागतो, आणि निर्णय लागतो म्हणजे तो न घेण्याचीही मुभा असते. २०२० मध्ये करोनाच्या काळात केंद्राने १ जानेवारी २०२०, १ जुलै २०२० आणि १ जानेवारी २०२१ असे तीन हप्ते गोठवले. दर १७ टक्क्यांवर थांबला. १ जुलै २०२१ पासून तो एकदम २८ टक्के केला गेला, म्हणजे तिन्ही हप्त्यांचे ११ टक्के दरात आले, पण मधल्या १८ महिन्यांचे पैसे मिळाले नाहीत. दर भरून निघाला आणि रक्कम गेली, हा फरक लक्षात न आल्यामुळे ‘सगळे परत मिळाले’ आणि ‘सगळे बुडाले’ अशी दोन्ही विधाने आजही ऐकू येतात. दोन्ही अर्धीच खरी आहेत.

आठव्या वेतन आयोगाविषयी तर रोज नवी आवई उठते. केंद्राने निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली हा आयोग नेमला आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याची कार्यकक्षा मंजूर करताना अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे. नवा आयोग लागू झाला की साचलेली महागाई वाढ मूळ रकमेत मिसळते आणि दर पुन्हा शून्यापासून सुरू होतो. म्हणून ‘इतके पट निवृत्तिवेतन’ या आकड्यांनी हुरळून जाण्याचे कारण नाही. सातव्या आयोगाने जुन्या मूळ रकमेला २.५७ ने गुणले तेव्हा आधीचा दर १२५ टक्के होता, म्हणजे लोकांच्या हातात मूळ रकमेच्या २.२५ पट येतच होते. खरी वाढ २.२५ वरून २.५७ एवढी, साधारण १४ टक्के झाली. अडीच पट कोणाचेही झाले नाही.

वयोमानानुसार मिळणारी वाढ ही आणखी निराळी गोष्ट आहे. केंद्राच्या निवृत्तांना ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ निवृत्तिवेतनाच्या २० टक्के जादा रक्कम मिळते, पुढे ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. महागाईशी तिचा संबंध नाही, पण या जादा रकमेवरही महागाई वाढ मिळते.

गुरुजींचे पासबुक मिटवून काकांचे उघडले तेव्हा सांगण्यासारखे फार थोडे उरले, आणि तेच सांगणे जड गेले. एसटीच्या कर्मचाऱ्यांना भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या १९९५ च्या योजनेतून निवृत्तिवेतन मिळते, ज्याला सगळे ‘ईपीएस पंच्याण्णव’ म्हणतात. खासगी कारखान्यांतले, सहकारी संस्थांतले आणि मुंबईच्या गिरण्यांतून गावी परतलेलेही पुष्कळ जण याच योजनेत आहेत. निवृत्तिवेतनपात्र वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि ७० ने भागायचे, असे तिचे सूत्र आहे. १ सप्टेंबर २०१४ पासून या वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे, त्याआधी ६,५०० होती. प्रत्यक्ष पगार कितीही असला तरी हिशेब सर्वसाधारणपणे मर्यादेपर्यंतच होतो. पूर्ण ३५ वर्षे १५,००० धरले तरी महिन्याला ७,५०० रुपयेच येतात, आणि तेवढी सेवा फार थोड्यांची भरते. २०१४ पासून किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये ठरले आहे. या योजनेत महागाई वाढ नाही. एकदा ठरलेला आकडा तसाच राहतो.

काकांचे निवृत्तिवेतन २०१९ मध्ये साधारण ३,१०० रुपयांनी सुरू झाले आणि पासबुकाच्या प्रत्येक पानावर तोच आकडा आहे. याची झीज मोजायला गुरुजींचाच दर उपयोगी पडतो. जानेवारी २०१९ मध्ये तो १२ टक्के होता, जानेवारी २०२५ मध्ये ५५ टक्के. म्हणजे तेव्हाची ११२ रुपयांची टोपली १५५ रुपयांची झाली. ३,१०० रुपयांची किंमत टिकवायची असती तर काकांना सुमारे ४,२९० रुपये मिळायला हवे होते. उलट बाजूने पाहिले तर २०२५ मधले त्यांचे ३,१०० रुपये २०१९ च्या २,२४० रुपयांएवढेच काम करत होते. कोणी कपात केली नाही, आदेश निघाला नाही, तरी सहा वर्षांत चौथ्या हिश्शाहून अधिक रक्कम विरघळून गेली. काकांनी हा आकडा दोनदा विचारून घेतला आणि पासबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवला.

पगाराच्या अमुक टक्के निवृत्तिवेतन, एवढेच पाहून माणसे योजनांची तुलना करतात, हे मला नेहमी अपुरे वाटत आले आहे. सुरुवातीचा आकडा महत्त्वाचा असतोच, पण निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षे जगायचे असेल तर तो आकडा महागाईला बांधलेला आहे की नाही, याला त्याहून अधिक महत्त्व आहे. राज्यात १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीत आलेल्यांचा निवृत्तिवेतनाचा सारा झगडा मुळात याच प्रश्नाभोवती आहे. त्यांना लागू झालेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जमलेल्या रकमेच्या एका भागातून वार्षिकी, म्हणजे नियमित पैसे देणारी योजना, विकत घ्यावी लागते आणि नेहमीच्या प्रकारातली वार्षिकी आयुष्यभर एकच रक्कम देते. दरवर्षी थोडी वाढत जाणारी वार्षिकी मिळते, पण तिची सुरुवात बरीच कमी रकमेने होते. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून आणलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत २५ वर्षांच्या सेवेला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम आहे, आणि तिच्यावर महागाईची सवलतही, म्हणजे आपल्याकडची महागाई वाढच, आहे. त्यातला दुसरा भाग पहिल्याएवढाच किमती आहे, तरी चर्चा सगळी पहिल्याचीच होते.

आजींच्या दीड हजारांचे उत्तर छोटे आहे: ते दीड हजारच राहतील. श्रावणबाळ योजनेची आणि संजय गांधी निराधार अनुदानाची रक्कम एका काळी ६०० रुपये होती, पुढे ती १,००० झाली, आणि २०२३ मध्ये १,५०० झाली. या रकमेला निर्देशांक नाही, तारीख नाही, सूत्र नाही. ती वाढते तेव्हा मोठ्या उडीने वाढते, आणि मधली वर्षे नुसती जातात. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेचा वाटा तर साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी कित्येक वर्षे २०० रुपयांवरच थांबलेला आहे.

आजींच्या कागदांत मला दुसराच आकडा अधिक खुपला. श्रावणबाळ योजनेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला लागतो. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. भाव वाढतात, मजुरी वाढते, आणि ही मर्यादा मात्र जागची हलत नाही. परिणामी माणूस अधिक सुखवस्तू न होताही एक दिवस योजनेच्या बाहेर जातो. महागाई अशा रीतीने दोन बाजूंनी लागते. मिळणाऱ्या पैशाची किंमत ती कमी करतेच, शिवाय तो पैसा मिळण्याची पात्रताही हळूहळू काढून घेते. वाढीव अनुदानाची मागणी सगळे करतात, मर्यादेचे नाव सहसा कोणी घेत नाही. आजींचा नातू आंब्याच्या हंगामात बागेत राखणीला जातो. त्याची चार महिन्यांची मजुरी धरली तर मर्यादेचे काय होईल, हे मी त्या रात्री मोजायला घेतले होते, पण आजींच्या चेहऱ्याकडे पाहून मोजणी तिथेच थांबवली.

एक हिशेब मात्र ज्यांना महागाई वाढ मिळते त्या प्रत्येकाने स्वतः करावा. निवृत्तिवेतनाच्या आदेशावरून विक्रीपूर्वीची मूळ रक्कम पाहावी, चालू दराने तिला गुणून येणारी महागाई वाढ तिच्यात मिळवावी, विकलेला भाग वजा करावा, आणि उत्तर पासबुकाशी जुळते का ते पाहावे. थकबाकी एकरकमी जमा झाली असेल तर किती महिन्यांची आणि कोणत्या फरकाची, ते भागून तपासावे. कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झाल्यावर रक्कम बदलते, तेव्हा हा हिशेब नव्याने मांडावा, कारण चुका बहुधा अशाच वळणावर होतात. फरक आढळला तर तोंडी विचारण्यापेक्षा आकडे मांडून लेखी अर्ज द्यावा, आणि पोच घ्यावी.

गुरुजींनी आता हे मनावर घेतले आहे. लेबर ब्युरो एका महिन्याचा निर्देशांक पुढच्या महिन्याच्या अखेरीस प्रसिद्ध करतो, म्हणून जूनचा आकडा जुलैअखेर हाती आला की जुलैपासूनचा दर किती होणार, हे बातमीच्या कितीतरी आधी काढता येते. भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या मागच्या बाजूला त्यांनी बारा चौकोन आखले आहेत आणि महिनाअखेरीस नातवाच्या फोनवर आकडा पाहून ते एकेक चौकोन भरतात. काकाही अधूनमधून येऊन तो तक्ता वाचतात.